घोडी दारात येण्याआधी

२०१७ साली आमच्या दारात पहिला घोडा आला तेव्हा त्याला बांधायला जागा नव्हती. भाऊजींना तो यात्रेत दिसला, नजरेत भरला, सौदा झाला आणि रात्री अकराला टेम्पो अंगणात. ती रात्र त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधून काढली. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं घोड्याला खायला घातलं. तिसऱ्या संध्याकाळी कुणीतरी लाडानं घमेलंभर भिजवलेले हरभरे पुढ्यात ठेवले. कुणीतरी म्हणजे मीच. मध्यरात्री घोडा लोळायला लागला. जिवावरचं टळलं, पण पोटातलं दुखणं खुरांत उतरलं आणि पुढचे दोन्ही पाय कायमचे अधू झाले. त्यानंतर चार वर्षं तो आमच्याकडे होता; पाठीवर खोगीर एकदाही चढलं नाही.

वरातीमागून घोडं म्हणतात. आमच्याकडे घोड्यामागून वरात निघाली होती. आधी घोडा, मग छप्पर, मग वैरण, मग डॉक्टर.

म्हणून २०२३ च्या दिवाळीत धाकट्या लेकीनं पुन्हा घोडीचा विषय काढला तेव्हा मी एकच अट घातली. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजाराला जायचं, पण त्याआधी जागा, वैरण, डॉक्टर, नालबंद आणि पहाटे उठणारं माणूस हे सगळं ठरलेलं पाहिजे. एक जरी अडलं तर यात्रा बघायची, जिलबी खायची आणि हात हलवत परत यायचं. दिवाळी ते मार्गशीर्ष पौर्णिमा, दीड महिना हातात होता. आम्ही निफाड तालुक्यात राहतो, द्राक्षं आणि कांदा करतो. त्यामुळं पुढचं सगळं शेतातल्या घराला धरून आहे. शहरात क्लबात घोडा ठेवणाऱ्यांचा हिशेब वेगळा.

कांदाचाळीतला तबेला

कांदाचाळीचं एक टोक रिकामं होतं. बारा बाय बारा फूट एवढी जागा एका घोड्याला मोकळं उभं राहायला, लोळायला आणि लोळून पुन्हा उठायला पुरते. दहा बाय दहातही लोक ठेवतात. पण घोडा भिंतीलगत लोळला की पाय भिंतीला अडतात, त्याला उठता येत नाही आणि मग तो जिवाच्या आकांतानं लाथा झाडतो. दार चार फूट रुंद ठेवलं. वर नऊ फूट मोकळं, म्हणजे दचकून मान उडवली तरी डोकं पत्र्याला लागत नाही.

कांदा सडू नये म्हणून चाळ दोन्ही बाजूंनी फटींची ठेवतात. तो वारा घोड्यालाही हवाच असतो, पण गुडघ्याच्या उंचीवरच्या बांबूच्या फटी म्हणजे पाय मोडायचा सापळा. आम्ही साडेचार फुटांपर्यंत विटांची भिंत घेतली, वरच्या फटी तशाच राहू दिल्या. निफाडच्या थंडीची बातमी दर डिसेंबरात पेपरात येते, तेव्हा भाऊजींचा आग्रह की चारी बाजूंनी ताडपत्री मारू. मी मारू दिली नाही. घोडा थंडी सोसतो, कोंडलेली हवा त्याला सोसत नाही. पटत नसेल तर बंद तबेल्यात रात्री उकिडवं बसून बघा, म्हणजे आडव्या पडलेल्या घोड्याच्या नाकाएवढ्या उंचीवर आपलं नाक येतं. पाच मिनिटांत मुताच्या वाफेनं डोळे झोंबले तर ताडपत्री काढा.

पहिल्या वेळी घाईत शहाबादी फरशी टाकली होती. ओली झाली की घोडा घसरायचा. या खेपेला मुरूम टाकला, पाणी मारून धुम्मसानं ठोकून घेतला आणि मागच्या बाजूला तीन बोटांचा उतार दिला. त्यावर भाताचा पेंढा. आमच्याकडे भात नाही, पण इगतपुरीकडून पेंढ्याच्या गाड्या येतात. नुसती काळी माती ठेवू नका. मुतानं तिचा चिखल होतो आणि खुराचा तळवा कुजतो.

गव्हाणीवरून नानांशी, म्हणजे सासऱ्यांशी, दोन दिवस अबोला झाला. त्यांना गव्हाण छातीएवढी हवी होती, त्यांच्या वडिलांच्या पागेत तशी होती म्हणे. घोडा रानात चरतो तेव्हा मान खाली घालून चरतो. तसं खाल्लं तर धूळ नाकात जात नाही आणि नाकातलं पाणी खाली गळून जातं. शेवटी गव्हाण गुडघ्याएवढी झाली. नानांनी तिला "शेळीची गव्हाण" असं नाव ठेवलं.

द्राक्षवाल्यांनी एक काम सगळ्यांत आधी करावं. आमच्या रानात, अंगणात, बांधावर जिथं बघाल तिथं तारेचे तुकडे असतात. मांडव ताणताना तोडलेले, जुन्या बागेचे, गंजलेले. मुलांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून चाळीभोवती आणि सोडायच्या वाड्यात दोन रविवार ओढलं. अर्धी बादली तार आणि खिळे निघाले. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि झालेला धनुर्वात बहुतेकदा घोडा घेऊनच जातो, त्यामुळं ही अर्धी बादली मला सौद्यापेक्षा मोठी वाटते. वाड्याला काटेरी तार तर नाहीच. आम्ही जुने निलगिरीचे वासे आडवे मारले.

आणि कण्हेर. चाळीच्या कडेला मीच लावलेली, गुलाबी फुलांची, दहा वर्षांची कण्हेर होती. तिची मूठभर पानं घोड्याचं हृदय बंद पाडायला पुरतात, वाळलेली पानंसुद्धा. मुळासकट काढली आणि पाला गोळा करून खड्ड्यात पुरला. बांधावरचा एरंडही गेला. फवारणीचे रिकामे ड्रम पाण्यासाठी वापरायचे नाहीत, कितीही धुतले तरी. बागेवरच्या बोर्डो फवाऱ्यासाठी मोरचूद कालवायची टाकी आणि घोडीची टाकी यांच्यात आम्ही अख्खी चाळ ठेवली आहे.

डॉक्टरला विचारायचा एकच प्रश्न

आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर हुशार आहेत, पण त्यांचा हात गायी-म्हशींवर बसलेला. २०१७ च्या त्या रात्री पहिले आलेले डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, घोड्याचं मी कॉलेजनंतर पाहिलं नाही." दुसरे यायला पहाटेचे चार वाजले. म्हणून या वेळी घोडी घेण्याआधी मी तीन डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारलं: घोड्याच्या नाकातून पोटात नळी घालता येते का, आणि रात्री याल का? घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात वायू किंवा पाणी तुंबलं तर बाहेर काढायचा मार्ग ती नळीच. दोघे हो म्हणाले. दोघांचे नंबर तबेल्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिले. मोबाइल त्या वेळी नेमका चार्ज नसतो.

नालबंद शोधायला लग्नाच्या घोडीवाल्यांकडे जायचं. त्यांच्या घोड्या वर्षभर डांबरी रस्त्यावर चालतात, त्यामुळं त्यांना चांगला नालबंद माहीत असतो. खूर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात, नाल मारा की न मारा. मातीतच चालणार असेल तर नाल न मारलेलीच बरी, असं आमचा नालबंद स्वतः म्हणाला. धंद्याविरुद्ध बोलणारा माणूस म्हणून मी त्याला लगेच पक्का केला.

हरभऱ्याचं घमेलं

मला जे महागात पडलं ते इथं सविस्तर सांगते.

एवढा मोठा घोडा, पण जठर लहान, आठ ते पंधरा लिटरचं. तो दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी बनलेला आहे. त्याला एकदम चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, दिली की ती नीट न पचता पुढं मोठ्या आतड्यात जाते. तिथं चाऱ्यावर जगणारे जंतू असतात, त्यांची घडी विस्कटते, आंबट रस तयार होतो, वायू धरतो. तेच विष रक्तातून खुरांत जातं. आमच्या घोड्याचं घोडं तिथंच पेंड खाल्लं.

म्हणून आधी चारा, मग चंदी. वजनाच्या दोन टक्के सुका चारा, असा ढोबळ हिशेब. वजन कसं काढायचं? शिवणकामाची टेप घ्या. तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा, बसतो तिथून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, मागच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. आमच्या घोडीचा घेर १६५ आणि लांबी १६० भरली, म्हणजे साधारण ३६६ किलो. तिला रोज सात-साडेसात किलो सुका चारा लागतो. हा आकडा जंताच्या औषधालाही लागतो, म्हणून चुना लावून भिंतीवर लिहून ठेवलाय.

ज्वारीचा कडबा कुट्टी करून चालतो, सोबत थोडा लसूणघास. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको, तिच्यात विष असतं. चंदी म्हणून भरडलेला हरभरा आणि जव, दिवसाला दीड-दोन किलोपर्यंत, तेही तीन वेळा वाटून. काम नसेल तर चंदी जवळजवळ नाहीच. जाड मिठाचा खडा गव्हाणीत कायम. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. गायी-म्हशींची गोळी पेंड घोड्याला घालू नका. तिच्यात कधी युरिया असतो, कधी मोनेन्सिन नावाचं औषध. गायीला पचणारं हे मोनेन्सिन घोड्याला मारतं. आमच्याकडे दोन्ही पोती एकाच खोलीत होती. आता घोडीचं धान्य कडीकोयंड्याच्या पत्र्याच्या पेटीत आहे आणि किल्ली माझ्याकडे.

त्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गारपीट झाली. बाग झोडपली. घरात दोन दिवस कुणी घोडीचं नाव काढलं नाही, धाकटीनंही नाही. तिसऱ्या दिवशी नानाच म्हणाले, "बाग दर साली रडवती. पोरीला का रडवायचं?" पण वैरणीचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. रचून ठेवलेला सगळा कडबा भिजला होता. वरून वाळलेला दिसायचा, पेंढी मधून उघडली की पांढुरकी बुरशी आणि कुबट वास. गायींनाही तो देऊ नये, आणि घोड्याला तर बुरशी थेट पोटात नाहीतर मेंदूत भोवते. दोनशे पेंढ्या उकिरड्यावर गेल्या. येवल्याकडून नवा कडबा आणला, प्रत्येक दहावी पेंढी मधून उघडून, नाक लावून. गाडीवाला वैतागला. वैतागू द्यावं.

खर्चाचं विचाराल तर घरची मजुरी न धरता महिन्याला आठ-नऊ हजार लागतात. हा आकडा सौद्याच्या आधी घरात सगळ्यांसमोर बोलून घ्या.

सारंगखेडा

तापीच्या काठी, शहादा तालुक्यात, एकमुखी दत्ताची ही यात्रा. घोडे पाहायचे तर दोनदा पाहा. एकदा दिवसा गर्दीत आणि एकदा न सांगता पहाटे, मालक चहा पीत असताना. दिवसा फेरफटका मारून मोकळा केलेला घोडा पहाटे पहिल्या दहा पावलांत लंगडला तर कळतं. कडक जमिनीवर चालवून पाहा. चारही पाय हातात घेऊन पाहा. उचलू देत नसेल तर नालबंदाचं पुढं काय होईल ते समजून घ्या.

वय दातांवरून. समोरची मधली जोडी अडीच वर्षांत पक्की होते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं. विकणारा आमच्या घोडीला पाच वर्षांची म्हणत होता, कडेचे दात अजून दुधाचे होते. वयात वाढवून सांगणारा मी पहिल्यांदा पाहिला. तयार झालेली म्हणून भाव चढतो, म्हणून.

भोवऱ्यांचं, म्हणजे अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ बघायचं, खातं नानांकडे. गळ्यावर देवमण आहे का, डोळ्याखाली आसूढाळ तर नाही ना, हे त्यांनी चष्मा चढवून तपासलं. माझा त्यावर विश्वास नाही. पण उद्या विकायची वेळ आली तर घेणाऱ्याचा असेल, म्हणून मीही पाहून घेतलं. कपाळावर चांदणी असलेली कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी. भाव उपरण्याखाली बोटांनी ठरला. भाऊजी आणि व्यापारी एकमेकांकडे न बघता हात दाबत होते, आणि धाकटीनं माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

पैसे देण्याआधी ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागाच. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, जनावरावर इलाज नाही, आणि तपासणीत सापडलं तर कायद्यानं त्याला दयामरण द्यावं लागतं. या तपासणीतलं देशातलं मोठं ठिकाण म्हणजे हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. दाखल्यावरचं वर्णन समोरच्याच घोड्याचं आहे ना, ते रंग, टिळा, पायांचे पांढरे पट्टे लावून ताडून पाहा. आम्हाला एकानं दुसऱ्याच घोड्याचा कागद दाखवला होता. बाजार समितीची पावती आणि प्रवासासाठी जनावरांच्या डॉक्टरचा दाखला सोबत हवा. घोडी असेल तर गाभण आहे का तेही तपासून घ्या, अकरा महिन्यांचा हिशेब मागं लागू शकतो.

आणि विकणाऱ्याकडून आणखी दोन गोष्टी मागा, पैसे देऊन मागा: ती सध्या खातेय त्या चाऱ्या-चंदीचं एक पोतं, आणि ती पितेय ते पाणी. आम्ही वीस लिटरचे दोन कॅन तापीचं पाणी भरून आणलं. व्यापारी हसला. "ताई, गंगाजल नेताय काय?" घरी आल्यावर तिनं आमच्या बोअरच्या पाण्यात नाक बुडवलं, फुर्रर्र केलं आणि मान फिरवली. पाणी न पिणाऱ्या घोड्याचं पोट धरतं. मग एक भाग बोअर, तीन भाग तापी, चिमूटभर गूळ. चौथ्या दिवशी नुसतं बोअरचं प्यायली.

टेम्पो आणि फाळका

टेम्पोच्या लोखंडी पत्र्यावर चार बोटं वाळू, वर पेंढा. बाजूच्या कठड्यांना गोणपाटाच्या वळकट्या. दोर इतका लांब की मान खाली घेता यावी, इतका लांब नको की पाय अडकेल, आणि गाठ एका ओढीत सुटणारी. दोंडाईचा, धुळे, मालेगाव करत आम्ही दर दोन-अडीच तासांनी थांबलो, पाणी दाखवलं, गाडी बंद करून दहा मिनिटं उभी राहू दिली. चालकाला एकच सांगितलं, ब्रेक मारताना मागं तुझी म्हातारी आई उभी आहे असं समज.

चढवणं सोपं असतं, तिथं दहा माणसं असतात. उतरवताना घरी कुणी नसतं. पहिला घोडा फाळक्यावरून अंधारात उडी मारून उतरला होता. या वेळी शेजारच्या टेम्पोचा फाळका मोजून अंगणात तेवढ्याच उंचीचा मातीचा उतार करून ठेवला होता, रुंद, दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या गाठी. उजेडात पोहोचायचं म्हणून पहाटे तीनला निघालो. घोडी उताराच्या तोंडाशी थांबली. तिनं मातीचा वास घेतला, एक पाय टाकला, काढून घेतला, पुन्हा टाकला. ओढायची घाई कुणी केली नाही. आठ-दहा मिनिटांनी ती स्वतःच खाली आली, जशी काही रोजच येते.

घरी भाऊजींनी फटाक्यांची माळ आणून ठेवली होती. ती मी आधीच पिठाच्या डब्यात लपवली होती. पायांवर पाणी, कपाळाला कुंकू, भाकरतुकडा ओवाळून टाकला, झालं. शेजारणी एकेक करून यायला लागल्या, कुणाच्या हातात केळी, कुणाच्या हातात गुळपोळी. मी मुलांची जुनी पाटी दारावर टांगली: घोडीला काहीही खायला देऊ नका, पाहुण्यांना चहा मिळेल.

पहिले चौदा दिवस

काही करायचं नाही. सगळ्यात कठीण काम हेच. खोगीर नाही, फेरफटका नाही, नवं खाणं नाही. विकणाऱ्याच्या पोत्यातला चारा रोज थोडा कमी, आपला थोडा जास्त, असं आठ-दहा दिवसांत बदलायचं. जवळपास दुसरी घोडी-गाढवं असतील तर तीन आठवडे त्यांच्यापासून लांब, बादली आणि अंग घासायचा खरारासुद्धा वेगळा.

यात्रेत घोड्यांना अगाडी-पिछाडीनं, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून, बांधतात. आम्ही तिला तबेल्यात मोकळी सोडली, तर पहिले दोन दिवस ती मधोमध एकाच जागी उभी. मागचा डावा पाय किंचित मागं ताणलेला, जसा दोर अजून आहेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी लीद काढायला गेले तेव्हा ती कोपऱ्यात होती. मी तिथंच पाटी खाली ठेवली आणि धाकटीला हाक मारली.

रात्री ती खिंकाळायची. घोडा कळपातलं जनावर, एकटेपण त्याला भीतीसारखं वाटतं. दुसरा घोडा परवडणार नव्हता, म्हणून शेजारच्या खणात आमची करडी शेळी बांधली. चौथ्या रात्री शांत झाली. आता शेळी चरायला नेली की घोडी ओरडते आणि घोडी नेली की शेळी.

एक वही ठेवा. आम्ही सकाळ-संध्याकाळ लिहायचो: लीद किती वेळा, पाणी किती, ताप किती. मागून थर्मामीटर लावायचा, ९९ ते १०१ फॅरनहाइट ठीक. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी, मिनिटाला २८ ते ४४. श्वास ८ ते १६. निरोगी असतानाचे आकडे माहीत असले तरच फोनवर डॉक्टरला काही सांगता येतं. धनुर्वाताची लस पहिल्याच आठवड्यात, दुसरा डोस चार आठवड्यांनी, मग दरवर्षी. आमच्याकडे भटकी कुत्री फार, म्हणून रेबीजचीही.

शुळाची, म्हणजे पोटदुखीची, लक्षणं अशी: वळून पोटाकडे बघणं, पुढच्या पायानं जमीन उकरणं, वरचा ओठ दुमडणं, घाम, लीद बंद, लोळणं. यातली दोन लक्षणं एकदम दिसली तर गव्हाण रिकामी करा आणि भिंतीवरचा नंबर लावा. डॉक्टर येईपर्यंत हळू चालवा. बाटलीनं तेल-हिंग पाजायला कुणी ना कुणी येतंच. पाजू देऊ नका. ते फुप्फुसात गेलं तर शुळापेक्षा वाईट.

पोरांसाठी नियम नानांनी केले. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये ही म्हण त्यांनी रोज एकदा ऐकवली, साहेब काय असतो हे न सांगता. जवळ जाताना आधी बोलायचं, मग खांद्याला हात, मग बाकी. दोर हाताला गुंडाळायचा नाही. चप्पल घालून तबेल्यात नाही, बूट. हेल्मेट माझा नियम. त्यावर नाना म्हणाले, शिवाजी महाराजांच्या स्वारांनी कुठं हेल्मेट घातलं होतं? धाकटी म्हणाली, जिरेटोप होता की. नाना गप्प.

पहाटे उठणारं माणूस अर्थातच मी. लेकीची घोडी, उठते आई. पण पाचला तबेल्याचं दार उघडलं की ती आता खालच्या सुरात, नाकातल्या नाकात काहीतरी म्हणते, आणि ते मला लेक अजून म्हणत नाही.

सोळाव्या दिवशी खोगीर काढलं. आधी नुसता वास घेऊ दिला, मग पाठीवर घडी केलेलं घोंगडं, मग खोगीर. तंग आवळताना लक्षात ठेवा, घोडी पोट फुगवते. आमच्या चांदणीनंही फुगवलं. तंग घट्ट बसला असं वाटलं, धाकटी रिकिबीत पाय घालायला निघाली. मी तिला थांबवलं, घोडीला दहा पावलं चालवलं आणि तंग पुन्हा पाहिला. दोन छिद्रं आणखी वर चढला.